दोन पावलं मागे

कुत्र्यानं हौसाची पोटरी धरली होती आणि बंगल्यातली बाई जाळीच्या दाराआडून विचारत होती, "तुम्हाला आत कोणी सोडलं?"

मी खांद्यावरची पिशवी काढून कुत्र्याच्या तोंडावर मारली. आतले धुण्याच्या पावडरचे पुडे फुटले. पावडर डोळ्यांत गेली तसं त्यानं हौसाला सोडलं आणि माझा हात धरला, कोपराच्या खाली. बाई दोनदा म्हणाली, "टायगर, नो." कडी मात्र काढली नाही. माळी पाण्याचा पाइप घेऊन धावत आला, कुत्र्यावर पाणी मारलं, गळ्यातला पट्टा धरून त्याला मागे ओढलं, तेव्हा आम्ही सुटलो.

हौसा फरशीवर बसली होती. पोटरीचं मांस लोंबत होतं. आणि तिनं काय करावं? दोन्ही हात जोडले आणि जाळीकडे बघून म्हणाली, "नमस्कार मॅडम. आपण कपडे कोणत्या पावडरनं धुता?"

भीतीनं डोकं रिकामं झालं की तोंडात भरलेलं असतं ते बाहेर पडतं. तिच्या तोंडात हे भरलं होतं. भरणारा माणूस त्या वेळी पेठ रोडच्या एका गोडाऊनमध्ये दारामागे उभा राहून दुसऱ्या कुणाला तरी हेच शिकवत असणार. त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे. चांगलंच लिहीन असं नाही.

नाव सांगत नाही. तोंडावर आम्ही सर म्हणायचो, मागे टायवाला. मे महिन्यातसुद्धा गळ्यात लालसर टाय, त्याला लोखंडी चाप, आणि पायांत मोज्यांशिवाय बूट. पूर्वी तो विहिरीवरचे पंप विकायचा. सगळा खानदेश त्यानं पायाखाली घातला होता आणि मनमाडच्या फलाटावर झोपून अर्धं आयुष्य काढलं होतं. पंपांची कंपनी बंद पडली तसा इंदिरानगरला भावाच्या घरी एका खोलीत येऊन राहिला. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "एकाच दारात दुसऱ्यांदा जायची वेळ आली नाही."

गोडाऊन एका संस्थेचं होतं. संस्था आमच्यासारख्यांना कामाला लावायची. आमच्यासारखे म्हणजे धरणात गाव गेलेले आम्ही डोंगरातले, कारखाना बंद पडलेले दोन गडी आणि नवऱ्यानं टाकलेल्या काही बाया. अंबडच्या एका पावडरच्या कारखान्याला घरोघर माल विकायला माणसं हवी होती. आधी शिकायचं, मग कारखान्याचा साहेब येऊन निवडणार. निवडलं की पगार.

हौसा माझी धाकटी नणंद. धरणातली आणि टाकलेली, दोन्ही. माझ्याच झोपडीत राहायची. आमचं फार जमायचं असं नाही. ती दिवसभर बोलायची आणि मला बोलणं सहन होत नाही. पण नोकरी तिला माझ्यापेक्षा जास्त हवी होती. तिला एक खोली घ्यायची होती भाड्यानं. आतून कडी लावता येईल अशी. झोपडीला पोत्याचा पडदा होता आणि टाकलेल्या बाईला पडदा पुरत नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

सरांकडे फळा नव्हता, पुस्तक नव्हतं. दार होतं. भंगार बाजारातून आणलेलं जुनं सागवानी दार, चौकटीसकट, गोडाऊनच्या मधोमध लोखंडी पायांवर उभं केलेलं. त्याला कडी, बघायचं भोक, बॅटरीवरची चिमणीसारखी ओरडणारी घंटा, आणि 'श्री. व सौ.' एवढंच लिहिलेली पाटी. पुढे नाव नाही. आम्ही एकेकानं घंटा वाजवायची आणि दारामागून तो निघायचा. कधी भाजी करपत असलेली बाई. कधी रिटायर झालेला साहेब, ज्याला पावडर नको पण गुडघ्याबद्दल बोलायचंय. कधी सासू ऐकतेय म्हणून कुजबुजणारी सून. आवाज इतके हुबेहूब की पहिल्या दिवशी हौसा दाराच्या मागे जाऊन बघून आली, बाई कुठं लपवलीय म्हणून.

"घंटा एकदाच," तो सांगायचा. "मग दोन पावलं मागे. का? आतल्या माणसाला तुम्ही अंगावर आलात असं वाटता कामा नये. हात दिसू द्या. उंबऱ्यावर पाय नाही. पाणी मागायचं नाही. पाणी मागितलंत की तुम्ही गिऱ्हाईक आणि ते दुकानदार. आणि 'नको' म्हणाले तर?"

आम्ही सगळे एका सुरात, "धन्यवाद मॅडम, पुन्हा येईन."

"वाद?"

"घालायचा नाय."

तो स्वतः हे सगळीकडे करायचा. चहाच्या टपरीवर चहा सांगितला की दोन पावलं मागे. गोडाऊनच्या मोरीचं दार वाजवलं की दोन पावलं मागे. एकदा संस्थेच्या ताईंच्या घरी आम्हाला सगळ्यांना नेलं, घंटा वाजवली आणि दोन पावलं मागे जाऊन सरळ गटारात पडला. दार उघडलं तेव्हा गुडघाभर घाणीत उभा राहून हात जोडून म्हणतो, "नमस्कार मॅडम." हौसानं ती नक्कल आठवडाभर केली. झोपडीत, नळावर, रांगेत. बाया पोट धरून हसायच्या. त्याच्या कानावर गेलं तेव्हा त्यानं तिला बोलावलं, आम्हाला वाटलं आता काढतो. म्हणाला, "मॅडम, पडल्यावर माझे हात किती वेळानं जोडले गेले ते तुम्ही दाखवत नाही. ते दाखवा. तिथंच मजा आहे."

सगळ्या बाया मॅडम, सगळे गडी साहेब. झाडूवालीलाही मॅडम. हौसा त्याला म्हणाली, "सर, मला मॅडम म्हणू नका. मला मागं वळून बघावं लागतंय, कोण आलं म्हणून."

'नको' या एका शब्दावर तो तासन् तास बोलायचा. गरम नको असतं, झोपेतलं नको असतं, हातात पैसा नाही पण सांगायची लाज वाटते त्याचं नको असतं. सगळ्यांत सोपं ओळखायला खोटं नको. "ते प्रश्नाच्या आधी येतं," तो म्हणायचा. "तुम्ही तोंड उघडायच्या आत समोरचा उत्तर देतो. तिथं थांबायचं. तिथं काहीतरी आहे."

एवढं सगळं कळणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळली नाही. ती हौसानंच त्याला चेष्टेत सांगितली होती.

"सर, तुमच्या दाराला घर कुठं हाय?"

"घर तुम्ही समजून घ्यायचं मॅडम."

"अंगण?"

"तेही समजून घ्या."

"आमचंबी तसंच झालंय," हौसा म्हणाली. "घर समजून घ्यायचं. दारबी नाय."

सगळे हसले. तोही हसला. आणि पुढच्याला घंटा वाजवायला सांगितली.

आता मी सांगते त्याला काय कळलं नाही. आमच्याकडे दार वाजवत नाहीत. कुडाची घरं, दिवसभर उघडी. पुढच्या ओट्यावर गडीमाणसं बसतात, तिथून बाईनं जायचं नसतं. बाई वळसा घालून परसातून जाते, खाकरते, "हाय का गं कोण?" म्हणते आणि चुलीपाशी जाऊन बसते. पुढून सरळ येणारा म्हणजे पोलीस नाहीतर धरणाची मोजणी करायला आलेला माणूस. जन्मभर आम्ही परसातून गेलो. त्यानं आम्हाला दारात काय करायचं ते शिकवलं. दारापर्यंत कसं जायचं ते शिकवलं नाही, कारण त्याच्या गोडाऊनमध्ये दारापर्यंत जायला फक्त सिमेंटची फरशी होती.

पहिल्यांदा खऱ्या घरांवर पाठवलं ते गंगापूर रोडला, दोघी दोघींना. बंगल्याचं फाटक नुसतं ओढून घेतलेलं होतं. पुढच्या व्हरांड्यात झोपाळ्यावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते. गडीमाणूस पुढे बसलंय म्हटल्यावर आमचे पाय आपोआप बाजूनं मागे वळले. हौसा पुढे, मी मागे. ती खाकरलीसुद्धा. तिथं कुत्रं मोकळं होतं.

फाटकावर पाटी नव्हती. नंतर बंगल्यातल्यांनी सांगितलं, होती. मी चौथीपर्यंत शिकले आहे, 'कुत्र्यापासून सावध' एवढं मला वाचता येतं. पाटी नव्हती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी जखमा धुतल्या आणि पोटात सुया सुरू केल्या. म्हणाले, कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, ते धडधाकट राहिलं तर सुया थांबवू. संस्थेच्या ताई आल्या. खादीची साडी, गोड आवाज. त्यांनी बंगल्यावर फोन केला आणि आम्हाला येऊन सांगितलं, "काळजीचं काही नाही. घरचं कुत्रं आहे, सगळी इंजेक्शनं झालेली आहेत. तुम्ही मागच्या बाजूनं गेलात ना, म्हणून. पोलिसात वगैरे जाऊ नका, ती चांगली माणसं आहेत. पुढं आपल्या मुलींना त्याच भागात जायचंय."

हौसाला पोटातल्या सुयांनी फार त्रास झाला. पोट सुजून टणक झालं. ताईंचं ऐकल्यावर ती म्हणाली, "कुत्र्याला सुया हायत तर मी कशाला टोचून घिऊ?" आणि सुरगाण्याच्या बाजूला मामाच्या गावी निघून गेली. तिथं विष उतरवणारा भगत होता. कुत्रं चावलं की आमच्यातली सगळी माणसं भगताकडेच जातात. मीही गेले असते. गेले नाही, कारण टायवाला रोज सकाळी माझ्या झोपडीपुढे येऊन उभा राहायचा.

झोपडीला वाजवायला काही नव्हतं म्हणून तो पत्र्यावर बोटानं टकटक करायचा आणि दोन पावलं मागे. शेजारच्या बाया बघायच्या.

"मॅडम, सुई."

"नको," मी आतून म्हणायची.

"धन्यवाद मॅडम. पुन्हा येईन."

वाटायचं, गेला. मी भाकरी टाकते न टाकते तोच पुन्हा टकटक. "मॅडम, सुई." पुन्हा नको, पुन्हा धन्यवाद. माझा नवरा बांधकामावर जायला निघाला की त्यालाही, "साहेब, तुम्ही सांगून बघा." शेवटी मी चिडून, त्याला तिथून घालवायचं म्हणून दवाखान्यात जायची. तो मागे चालायचा, बोलायचा नाही. मी सुया घेतल्या त्या माझ्या अकलेनं नव्हे, त्याच्या कटकटीनं. हे मान्य करते. म्हणून तर राग जास्त येतो.

वर्ग सुटला की तो गंगापूर रोडला जायचा. घंटा, दोन पावलं मागे, "मॅडम, कुत्रा कसा आहे?" बाई म्हणायची, "ठीक आहे." तो परत येऊन मला सांगायचा, तिच्या आवाजात. त्याला कुणाचंही बोलणं स्वतःच्या आवाजात सांगता यायचं नाही.

एके दिवशी आला आणि झोपडीपुढच्या दगडावर बसला. त्याला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. विकणारा माणूस फक्त स्वतःच्या घरी बसतो म्हणायचा, डबासुद्धा त्या दारामागे उभ्यानं खायचा.

"मॅडम, घंटा वाजली आणि कुणी भुंकलं नाही."

"झोपलं आसंल."

"बाईही तेच म्हणाल्या. झोपलाय म्हणाल्या. पण मॅडम, मी अजून विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तो त्या फाटकाबाहेर उभा राहिला. आत गेला नाही. बाई दोनदा बाहेर येऊन ओरडली. तो नमस्कार करत राहिला. संध्याकाळी तिचा नवरा गाडीतून आला. काच खाली करून म्हणाला, "किती पैसे पाहिजेत तुम्हाला?" हा म्हणाला, "साहेब, विकायला नाही आलो. विचारायला आलोय."

मग त्या माणसानं सांगितलं. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली होती, अन्न तोडलं होतं, घरच्यांवर गुरगुरायला लागलं होतं. डॉक्टर बोलावून त्याला परवाच मारून टाकलं. कळवलं का नाही? "कळवलं असतं तर तुम्ही लोकांनी केस केली असती. आणि काळजी करू नका, आम्ही सगळ्यांनी इंजेक्शनं घेतलीत. माळ्यालासुद्धा दिलीत."

माळ्यालासुद्धा. हे वाक्य त्यानं मला त्या साहेबाच्या आवाजात सांगितलं. फाटकावर नवीन पाटी होती, रंगाचा वास येत होता, हेही सांगितलं.

पहाटेच्या एस.टी.नं आम्ही दोघं हौसाकडे गेलो. दवाखान्याला सुट्टी म्हणून माझी त्या दिवशी सुई नव्हती, दुसऱ्या दिवशी सकाळी होती. फाट्यावर उतरून डोंगर चढायचा होता. हा टाय लावून, बूट घालून, घामानं भिजून. मामाच्या कुडाच्या घराला दार होतं पण उघडं. हौसा समोरच बसून मोहाची फुलं निवडत होती, आमच्याकडे बघत होती, आणि हा बावळट वाजवायला काहीतरी शोधत होता. शेवटी अंगणातल्या मांडवाच्या मेढीवर टकटक केली आणि दोन पावलं मागे गेला.

हौसा हसायला लागली. "या ना सर आत. हितं कोण चावत नाय."

तो आत गेला नाही. बाहेरून म्हणाला, "मॅडम, ते कुत्रं पिसाळलेलं होतं. मेलं. बंगल्यातल्यांनी सगळ्यांनी सुया घेतल्यात."

हौसाचं हसू थांबलं. मग तिनं पोटरी दाखवली. जखम खरंच भरत आली होती, माझ्या हातापेक्षा चांगली. "भगतानं काशाची थाळी लावली पाठीला. चिकटून बसली व्हती, आपोआप पडली. थाळी पडली म्हंजी इख उतरलं. मामा, सांग की."

मामा म्हणाला, "भगतानं सांगितलंय, अमावस्येपर्यंत शीव वलांडायची नाय. वलांडली की फिरून चढतंय."

"मॅडम, सुई फुकट आहे," हा म्हणाला. "एस.टी.चं भाडं मी देतो. दवाखान्यात मी येतो. तुमची निवडही मी राखून ठेवतो."

तिनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. नोकरीचं ऐकून तिच्या तोंडावर काहीतरी हललं, ते मी पाहिलं. त्यानंही पाहिलं असणार, त्याचं सगळं आयुष्य तेच बघण्यात गेलं होतं. मग ती मामाकडे बघून म्हणाली, "नको सर. अमावस्या होऊ द्या. मग मीच येते."

आणि ह्या माणसानं हात जोडले. "धन्यवाद मॅडम. पुन्हा येईन."

मी तिथंच त्याच्यावर धावून गेले. म्हटलं, "धरा तिला. मी पाय धरते, तुम्ही हात धरा. मामाला मी बघते."

"जबरदस्तीनं दिलेली वस्तू माणूस वापरत नाही मॅडम."

"वस्तू नाय सर. सुई हाय ती."

"वयनी, तू कशाला तमाशा करते?" हौसा म्हणाली. "सरांनी काय शिकवलंय? वाद घालायचा नाय."

मग मी त्याला म्हटलं, राहा. आज इथं राहा. माझ्या दारात कसं सकाळपासून उभं राहता, तसं हिच्या दारात उभं राहा. ही माझ्यासारखीच आहे, चिडून येईल. त्यानं घड्याळ बघितलं. शेवटची एस.टी. निघायची होती. उद्या सकाळी कारखान्याचा साहेब निवडायला येणार होता. तो नसला तर निवड नाही. गोडाऊनमध्ये बारा जणं वाट बघत होती, त्यांतल्या कुणाच्या घरी चूल पेटत होती आणि कुणाच्या नव्हती हे त्याला माहीत होतं.

"बारा माणसांची नोकरी आहे मॅडम," तो म्हणाला. "ह्यांचं नको अमावस्येपर्यंतचं आहे. मी त्याआधी येतो."

माझी सकाळची सुई होती. आम्ही दोघंही परत आलो. उतरताना तो एकदा थांबला आणि मागे वळून बघितलं. मला वाटलं, परत जाईल. त्यानं बुटातला खडा काढला आणि चालायला लागला.

निवड झाली. मला पट्टी बांधलेला हात घेऊन उभं केलं, मी घंटा वाजवली, दोन पावलं मागे गेले, नमस्कार मॅडम म्हटलं. कारखान्याचा साहेब हाताबद्दल काही विचारणार तेवढ्यात सर म्हणाले, "ह्या मॅडम कुत्र्यापुढं टिकल्या आहेत." साहेब हसला. माझं नाव पहिलं लिहिलं. मी नोकरी घेतली. नाकारून कुणाचं पोट भरणार होतं?

तो अमावस्येच्या आधी गेला, शब्दाला पक्का. पण हौसा रानात मोह वेचायला गेली होती. दिवसभर त्या मेढीपाशी उभा राहिला म्हणे. मामानं सांगितलं. ती यायच्या आत एस.टी.ची वेळ झाली, आणि हा निरोप ठेवून निघून आला. निरोप काय, तर "सर येऊन गेले."

अमावस्या झाली. हौसा आली नाही. निरोप आला.

मी गेले तेव्हा तिला बाजेला बांधलं होतं. तहान लागली म्हणत होती आणि तांब्या पुढे केला की गळा आवळला जात होता. अंगावर वारा लागला तरी ओरडायची. मधेच शुद्धीवर यायची. मला ओळखलं. म्हणाली, "वयनी, खोली बघितली का?" मी म्हटलं बघितली. आतून कडी आहे का, विचारलं. आहे म्हटलं. एवढं एक खोटं मी आयुष्यात बोलले आणि त्याचं मला काही वाटत नाही. भगत त्या दिवशी गावात नव्हता. कुठं गेला होता कुणाला माहीत नव्हतं.

तिचं सगळं आटोपून मी नाशिकला आले आणि थेट गोडाऊनमध्ये गेले. नवीन माणसं बसली होती. दार होतं तिथंच होतं, पण त्याच्या चार हात पुढे एक गंजलेलं फाटक उभं केलं होतं. त्यावर पाटी, 'कुत्र्यापासून सावध'. तो एका म्हातारीला त्या अक्षरांवरून बोट फिरवायला लावत होता. "वाचता नाही आलं तरी चालेल मॅडम, चेहरा ओळखा ह्या अक्षरांचा. फाटकाबाहेरूनच हाक. मागच्या बाजूला जायचं नाही, कुणीही पुढे बसलेलं असो."

मी त्या फाटकाला लाथ मारली. ते पडलं. मोठा आवाज झाला, म्हातारी घाबरून उठली.

"हौसा मेल्यावर फाटक आणलं," मी म्हटलं.

तो दोन पावलं मागे गेला. हात दिसतील असे पुढे धरले.

"बरोबर आहे मॅडम."

"तिथं राहायला काय झालं व्हतं?"

"बरोबर आहे मॅडम."

भांडायला समोर माणूस लागतो. हा प्रत्येक वेळी दोन पावलं मागे जायचा. मी तिथं उभी राहून तोंडाला येईल ते बोलले, त्याच्या टायवर, त्याच्या न झालेल्या लग्नावर, सगळ्यावर. त्यानं एकदाही बारा माणसांच्या नोकरीचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मी त्याला मारलं असतं, आणि मग कदाचित आमचं बरं झालं असतं. मी थकल्यावर त्यानं फाटक उचलून पुन्हा उभं केलं आणि म्हातारीला म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून, मॅडम."

ताईंनाही मी बोलले. त्यांनी मला पाणी दिलं. मी ओतून दिलं.

पुढे पंधरा-सोळा वर्षं मी पावडर विकली. बारातल्या नऊ जणांनी टिकून नोकरी केली, दोघांनी घरं बांधली. मीही पेठ रोडलाच पक्की खोली घेतली, कडीची. गंगापूर रोडला तर माझी रोजची फेरी होती. त्या बंगल्याची घंटा मी एकदाच वाजवली. फाटकाबाहेरून. बाई आली, केस पांढरे झाले होते. मला ओळखलं नाही. दोन पुडे घेतले. उन्हाची वेळ होती, म्हणाली, "पाणी हवंय का?" मी म्हटलं, "नको."

तिला सांगायचं होतं, हात दाखवायचा होता, सगळं पाठ करून गेले होते. तिच्याकडे बघितलं आणि लक्षात आलं, हिला सांगितलं तर ही फक्त पाटीचं बोलेल. पाटी होती म्हणेल. मी पैसे घेऊन निघाले.

संस्था नंतर बंद झाली. गोडाऊन पाडून तिथं दुकानं झाली. दाराचं काय झालं माहीत नाही. टायवाला मात्र दरवर्षी मोह पडायच्या दिवसांत माझ्या खोलीवर यायचा. टाय तोच, मान बारीक झालेली. टकटक आणि दोन पावलं मागे.

"काय हाय?" मी आतून विचारायची.

"काही नाही मॅडम. हात बघायचा होता."

मी कडी काढून हात बाहेर दाखवायची. दातांच्या खुणा अजून आहेत. तो नीट बघायचा, डॉक्टरसारखा, आणि म्हणायचा, "धन्यवाद मॅडम. पुन्हा येईन." मी त्याला कधी आत ये म्हटलं नाही. त्यानं कधी उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. एका वर्षी तो आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग मी इंदिरानगरला त्याच्या भावाकडे जाऊन घंटा वाजवली, तेव्हा कळलं की तो गेला. भावाची सून विचारत होती, "तुम्ही त्यांच्या कोण?"

मी म्हटलं, "कोण नाय."

माणसं मला विचारतात, तो चांगला होता की वाईट. मला त्याच्यावर राग आहे, एवढंच सांगता येतं. बंगल्यावाल्यांवर आहे, ताईंवर आहे, भगतावर आहे, पण त्यांच्याकडून मला काही अपेक्षाच नव्हती. त्याच्याकडून होती. त्याला 'नको'च्या मागचं ऐकू यायचं, आणि त्या दिवशी त्यानं नुसतं 'नको' ऐकलं.

त्या दुपारी त्या बंगल्यात एवढी माणसं होती: झोपाळ्यावरचे म्हातारे गृहस्थ, जाळीआडची बाई, माळी, हौसा आणि मी. गृहस्थ जगले. बाई जगली. माळी जगला. मी जगले.